शटडाऊनचे अकरा आठवडे: सुधारित शेड्यूल एम, सरकारी मदत आणि एका गोळ्यांच्या कारखान्यातली माणसे

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका एमआयडीसीतल्या छोट्या औषध कारखान्याचे आहे. कारखान्याची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि आतले आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. सरकारी योजनांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत. या कारखान्यात मनुष्यबळ सल्लागार म्हणून माझी सव्वा वर्ष ये-जा होती. काही निर्णयांत माझाही हात होता, चुकलेल्या निर्णयांतसुद्धा.

पार्श्वभूमी

कारखाना १९९८ चा. गोळ्या, कॅप्सूल आणि पातळ औषधे असे तीन विभाग. वर्षाची उलाढाल ३८ कोटींच्या आसपास, त्यातले बहुतेक काम थर्ड पार्टीचे, म्हणजे औषध इथे बनते आणि विकले जाते दुसऱ्याच कंपनीच्या नावाने. कंपनीच्या हजेरीपटावर ६४ माणसे होती आणि कंत्राटदाराकडून ४१. या ४१ पैकी २६ बायका पॅकिंगला. त्यांतल्या निम्म्याहून जास्त दहा वर्षांपेक्षा अधिक काळ याच हॉलमध्ये ब्लिस्टर पट्ट्या तपासत आणि खोकी भरत आलेल्या. कंत्राटदार या काळात दोनदा बदलला, बायका त्याच राहिल्या.

देशात औषधे बनवणाऱ्या सुमारे ३,००० कंपन्या आणि १०,५०० च्या आसपास उत्पादन केंद्रे आहेत असे सांगितले जाते. वर्तमानपत्रात येतात ती मोठी नावे, पण यांतली बहुसंख्य केंद्रे अशीच आहेत: एखाद-दुसरा ब्लॉक, शंभरेक माणसे, आणि मालक स्वतः रोज सकाळी गेटवर. सरकारी मदतीची मोठी रक्कमही या कारखान्यांच्या वाट्याला येत नाही. औषध उद्योगासाठीची १५,००० कोटींची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना ५५ निवडक अर्जदारांसाठी होती. कच्च्या मालासाठीची ६,९४० कोटींची योजना ४१ ठरावीक उत्पादनांपुरती. आमच्या मालकांनी दोन्हींची माहितीपत्रके आणून ठेवली होती, पण त्यात आमच्यासाठी जागा नव्हती.

एके काळी औषध उद्योगाला सरकारी मदत म्हणजे सरकारने स्वतः कारखाना काढणे आणि माणसे कामाला लावणे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली असाच उभा राहिला आणि त्याच्याभोवती अख्खी वसाहत वसली. आता मदत म्हणजे तुम्ही आधी खर्च करा, कागद द्या, मग काही टक्के परत घ्या. हा फरक मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुढचे सगळे प्रकरण मात्र या ‘आधी’ आणि ‘मग’ यांच्या मधल्या काळात घडले.

अडचण

२०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांशी लहान मुलांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला आणि आपल्या कारखान्यांच्या दर्जाची जगभर चर्चा झाली. त्यानंतर २८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने औषध नियमांतले शेड्यूल एम, म्हणजे औषधे कशा कारखान्यात आणि कशी बनवायची याचे नियम, सुधारून अधिसूचित केले. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कारखान्यांना सहा महिने मिळाले आणि त्याखालच्यांना एक वर्ष. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये लहानांसाठी मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. पण ती आपोआप मिळणार नव्हती. तीन महिन्यांच्या आत सुधारणेचा आराखडा जोडून अर्ज करायचा होता.

कारखान्याची आधी तपासणी करून घेतली तेव्हा यादी लांबली. ग्रॅन्युलेशन (पावडरचे दाणे करणे) आणि कॉम्प्रेशन (दाण्यांच्या गोळ्या दाबणे) यांना एकच एएचयू, हवा गाळून खेळवणारे यंत्र, म्हणजे एका खोलीतली पावडर हवेबरोबर दुसऱ्या खोलीत जाण्याचा धोका. शुद्ध पाण्याच्या पाइपलाइनमध्ये पाणी साचून राहील असे बंद फाटे. औषध किती काळ टिकते हे तपासायचे स्टॅबिलिटी चेंबर एकच. कपडे बदलायच्या खोल्या जुन्या पद्धतीच्या. आणि कागदपत्रे: चेंज कंट्रोल (कामात केलेल्या बदलांची तपासणी आणि नोंद), जोखमीचे मूल्यमापन, वर्षाचा उत्पादन आढावा, यांतले बरेच काही नावापुरते होते.

तिन्ही विभाग सुधारायला ६ कोटी २० लाख लागणार होते. मालकांच्या पहिल्या बैठकीत दीड तास फक्त यंत्रांवर बोलणे झाले. माणसांचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत निघाला, तोही कंत्राटदाराने काढला. “साहेब, हॉल बंद असेल तेवढे दिवस पॅकिंगच्या बायकांना ब्रेक देऊन टाकू. सुरू झालं की बोलावू.” कोणी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. मीसुद्धा गप्प बसलो होतो. आज मागे पाहताना वाटते, पहिला निर्णय त्या गप्प बसण्यातच होत आला होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय चार महिने कारखाना पूर्ण बंद ठेवून सगळे काम एकदम उरकायचे. बांधकामाच्या ठेकेदारांना हाच हवा होता, कारण काम झटपट होते आणि धुळीचा प्रश्न उरत नाही. पण कारखान्याचे सगळ्यांचे मिळून महिन्याचे वेतन २१ लाखांच्या घरात. सगळ्यांना ठेवले तर चार महिन्यांचे ८४ लाख, विक्री शून्य. शिवाय थर्ड पार्टीचा ग्राहक चार महिने थांबत नाही. तो हिमाचलमधल्या बद्दीला नाहीतर अहमदाबादला दुसरा कारखाना बघतो आणि मग परत येईलच असे नाही.

दुसरा पर्याय टप्प्याटप्प्याने काम करायचा. एक भाग बंद, दुसरा चालू. यासाठी तात्पुरती पार्टिशन, वेगळी ये-जा, जास्तीची साफसफाई असा २२ लाखांचा वाढीव खर्च होता आणि काम चारऐवजी आठ महिने चालणार होते.

तिसरा पर्याय पातळ औषधांचा विभाग कायमचा बंद करायचा. उलाढालीत त्याचा वाटा आठवा भाग. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांच्या प्रत्येक लॉटमध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकॉल आहे का हे तपासायची नीट सोय आमच्याकडे नव्हती. हा विभाग सोडला तर खर्च ४ कोटी ७० लाखांवर येत होता. पण तिथे १४ माणसे होती, ९ कंपनीची आणि ५ कंत्राटाची.

चौथा पर्याय कोणी बैठकीत मांडला नाही, पण मालकांच्या मनात होता हे नंतर कळले: सगळेच विकून टाकायचे. जागेला चांगला भाव आला होता.

माणसांबद्दल कायदा काय देतो हेही आम्ही मांडून पाहिले. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार काम नसल्याने बसवून ठेवलेल्या, वर्ष पूर्ण झालेल्या कामगाराला बेसिक आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई मिळते. मात्र त्याचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर हवे. पॅकिंगच्या बायकांचे नव्हते. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. काम गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या मजुरीच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, पण आयुष्यात एकदाच. कंत्राटदाराला हा मार्ग सोपा वाटला. मला तो पटला नाही. ज्या बाईचे काम तीन महिन्यांनी पुन्हा सुरू होणार हे आपल्याला माहीत आहे, तिचा आयुष्यात एकदाच मिळणारा आधार आपल्या बांधकामासाठी खर्ची घालायला लावणे मला योग्य वाटत नव्हते. पुढे खरेच काम गेले तर तिच्या हातात काय उरेल?

पैशाची जुळवाजुळव

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषध विभागाने तंत्रज्ञान सुधारणेची जुनी योजना नव्या रूपात आणली होती. ५०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कारखान्यांना त्यात जागा मिळाली. ५० कोटींखालच्यांना गुंतवणुकीच्या २० टक्के, ५० ते २५० कोटींवाल्यांना १५ टक्के, २५० कोटींच्या वरच्यांना १० टक्के, आणि एका कारखान्याला जास्तीत जास्त १ कोटी. हवा खेळवण्याची व्यवस्था, पाणी आणि वाफेच्या यंत्रणा, प्रयोगशाळा, स्टॅबिलिटी चेंबर, स्वच्छ खोल्या, सांडपाणी प्रक्रिया अशा बाबी त्यात बसतात. आमच्या ४ कोटी ७० लाखांपैकी ३ कोटी ९० लाख या बाबींत मोडत होते. म्हणजे ७८ लाख परत मिळण्याची आशा.

आशाच म्हणायची, कारण पैसे खर्च झाल्यावर आणि पडताळणीनंतर मिळतात. बँकेने कर्जाच्या प्रस्तावात हे ७८ लाख धरायला साफ नकार दिला. मालक चिडले होते, पण माझ्या मते बँकेचे बरोबर होते. अनुदानाशिवाय जो प्रकल्प उभा राहत नाही तो अनुदान लांबले की पहिल्यांदा पगार थांबवतो. शेवटी ३ कोटी ३० लाखांचे कर्ज पतहमी योजनेखाली मिळाले, १ कोटी मालकांनी घातले आणि ४० लाख यंत्रवाल्यांनी उधारीवर सोडले.

या सगळ्या प्रस्तावात, ८६ पानांत, शटडाऊनच्या काळातल्या पगारासाठी एकही ओळ नव्हती. हे मला मे २०२५ मध्ये लक्षात आले, काम सुरू व्हायला चार आठवडे राहिले असताना. यंत्राच्या किमतीत, त्याच्या वाहतुकीत, अगदी विजेच्या वाढीव भारातही तरतूद होती. त्या यंत्रांवर काम करणाऱ्या माणसांच्या मधल्या महिन्यांची तरतूद कोणी केली नव्हती, मीही आठवण केली नव्हती, आणि सरकारी योजनेतही त्यासाठी रकाना नाही.

प्रत्यक्षात काय केले

दुसरा आणि तिसरा पर्याय मिळून एक मार्ग निघाला. एप्रिल २०२५ मध्ये मुदतवाढीचा अर्ज गेला आणि त्याच महिन्यात पातळ औषधांचा विभाग बंद झाला. रिकाम्या जागेत नव्या कपडे बदलायच्या खोल्या आणि स्टॅबिलिटी विभाग आला. तिथल्या ९ जणांपैकी सहा गोळ्यांच्या विभागात सामावले, एक काका मे महिन्यात निवृत्त झाले, दोघे पुढे सप्टेंबरमध्ये नोकरी सोडून गेले. कंत्राटाच्या पाचांना कंत्राटदाराने दुसरीकडे लावले असे त्याने सांगितले. मी पाठपुरावा केला नाही.

पॅकिंग हॉल ९ जून ते २४ ऑगस्ट बंद राहणार होता, अकरा आठवडे. मजूर म्हणून लागणारी कामे शोधली तर रोज तेरा जणींना पुरेल एवढे काम निघत होते: जुन्या पॅकिंग मालाची मोजणी, नव्या लाइनच्या चाचण्या, साफसफाईच्या पडताळणीला मदत, आणि प्रशिक्षण. तेरा जणी ठेवायच्या आणि तेरा जणींना ब्रेक द्यायचा, असे प्लॅन्ट हेडनी ठरवत आणले होते. यादीही मनात तयार होती: तरुण आणि शिकलेल्या आत, वयस्कर बाहेर.

क्यूएच्या, म्हणजे दर्जा हमी विभागाच्या, मॅडम म्हणाल्या, “त्यांना विचारू तरी.” मे अखेरीस कँटीनमध्ये सव्वीसही जणींना बसवून परिस्थिती जशी होती तशी सांगितली. काम तेरा जणींचे आहे. तेरा जणी रोज आल्या तर तेरा घरी, किंवा सगळ्याजणी आठवड्यातून तीन दिवस. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागे बसलेल्या एक मावशी उठल्या. “तीन दिवस चालतील साहेब. पण तारखा आधी सांगा. बाकीचे तीन दिवस शेतात जाता येईल.” जून महिना, पेरणीचे दिवस. आम्ही सगळ्यांनी तो हिशेब केलाच नव्हता.

मग आठवड्याचे वेळापत्रक आदल्या गुरुवारी गेटवर लावायचे ठरले. मजुरी पूर्ण दिवसाची, फक्त दिवस कमी. एचआरच्या मुलीने एक गोष्ट बरोबर तपासली. ईएसआयमध्ये एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचा रोख लाभ मिळतो. अकरा आठवड्यांचे ३३ दिवस, आधीचे आणि नंतरचे पूर्ण आठवडे धरून प्रत्येकीचे सव्वाशेच्या आसपास दिवस भरत होते. तीन दिवसांची पाळी सहाही महिने चालली असती तर जेमतेम ७८ दिवस भरले असते आणि एक-दोन खाडे झाले तरी हा लाभ हातून गेला असता. दिवस कमी करताना फक्त मजुरीकडे पाहून चालत नाही, हे मी तिच्याकडून शिकलो.

प्रशिक्षणाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण या प्रकरणाचा कणा तोच आहे असे मला वाटते. नव्या नियमांत लिखित पद्धती आणि वेळच्या वेळी केलेली नोंद यांना फार महत्त्व आहे. आमच्या सगळ्या एसओपी, म्हणजे या लिखित पद्धती, इंग्रजीत होत्या. प्लॅन्ट हेडचे म्हणणे, या बायकांना नवी पद्धत झेपणार नाही, डिप्लोमावाली मुले घ्यावी लागतील. पहिल्या आठवड्यातल्या सराव तपासणीत त्यांचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले. क्यूए मॅडमनी एका लाइनचे लाइन क्लिअरन्सचे, म्हणजे आधीच्या बॅचचे काही उरले नाही हे तपासल्याचे, शीट हातात घेतले. घड्याळात १२.४० झाले होते आणि शीटवर १.१५ ची नोंद सहीसकट तयार होती. खाली एका ठिकाणी आकडा गिरवून ६ चा ८ केलेला. त्या लाइनवरच्या ताई अकरा वर्षांपासून इथे. त्या घाबरल्या नाहीत. सरळ म्हणाल्या, “मॅडम, जेवणाच्या सुट्टीआधी शीट भरून ठेव, असं सुपरवायझर साहेबच सांगायचे. आम्ही कधी स्वतःहून भरलं नाही.”

सुपरवायझर तिथेच उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “हो, मीच सांगायचो.” बॅच लवकर सुटावी म्हणून वर्षानुवर्षे असेच चालत आले होते. त्या दिवसानंतर बायकांना झेपेल का, हा प्रश्न मागे पडला. त्यांनी आजवर तेच केले होते जे त्यांना सांगितले गेले.

पॅकिंगच्या १९ एसओपी मराठीत आल्या. भाषांतर आधी बाहेरून करून घेतले, ते कोणाला समजेना. मग सुपरवायझर आणि चार बायकांनी बसून पुन्हा लिहिले, ‘लाइन क्लिअरन्स’ आणि ‘बॅच’ तसेच ठेवून बाकी रोजच्या बोलीत. चुकीची नोंद कशी दुरुस्त करायची हे फळ्यावर शिकवले: एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. गिरवायचे नाही, व्हाइटनर नाही. ज्या तिघींना लिहायची सवय नव्हती त्यांना रोज अर्धा तास. ऑगस्टमध्ये त्याच ताईंनी मला एक शीट दाखवले. दोन ठिकाणी आडवी रेघ, बाजूला सही. “चुकलं ते दिसतंय बघा,” त्या म्हणाल्या. त्यांना त्याचा अभिमान वाटत होता आणि मलाही.

भरतीचा निर्णय, जो अर्धा चुकला

नव्या व्यवस्थेसाठी सात नवी माणसे लागणार होती: दोन केमिस्ट, चार आयटीआयचे ऑपरेटर, एक मेंटेनन्सला. यांतल्या पाच जणांना १४ जुलैला रुजू व्हा असे कळवले होते. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ९९,४४६ कोटींची रोजगार प्रोत्साहन योजना मंजूर केली, तीच पुढे प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या नोकऱ्यांना ती लागू. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याला एका महिन्याचे वेतन, १५,००० पर्यंत, दोन हप्त्यांत. मालकाला वाढीव कामगारामागे वेतनानुसार महिन्याला ३,००० पर्यंत, दोन वर्षे, आणि उत्पादन उद्योगाला आणखी दोन वर्षे. १० ते २० हजारांच्या वेतनाला हा आकडा २,००० चा आहे, म्हणजे चार वर्षांत एका माणसामागे ९६,०००.

मीच सुचवले की रुजू व्हायची तारीख १ ऑगस्ट करू. कागदावर हे शहाणपणाचे होते, मुलांचाही फायदा होता. पण त्यांना आम्ही कारण नीट सांगितले नाही, फक्त “तारीख पुढे गेली” असा फोन गेला. केमिकल प्लांट ऑपरेटरचा आयटीआय झालेला, पाचांतला सगळ्यांत चांगला मुलगा, घरी काळजी वाढली म्हणून दुसरीकडे लागला. त्याला त्याच्या १५,००० रुपयांबद्दल कोणी सांगितलेच नव्हते. त्याच्या जागी माणूस मिळायला सात आठवडे गेले.

दुसरी गफलत मोजणीची. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला किमान पाच माणसे वाढवावी लागतात आणि ती सहा महिने टिकवावी लागतात. सात घेतले म्हणजे पाचाच्या पुढेच आहोत असे आम्ही धरून चाललो. पण ६४ मधून एक निवृत्त आणि दोन राजीनामे वजा होते. ६१ अधिक ७ म्हणजे ६८, निव्वळ वाढ चारच. ऑक्टोबरमध्ये हे ध्यानात आले. क्यूए मॅडम वर्षभर कागदपत्रांसाठी एक सहायक मागत होत्या, तो तेव्हा घेतला आणि ६९ झाले.

निष्पन्न

काम डिसेंबरमध्ये संपले, ठरल्यापेक्षा पाच आठवडे उशिरा. तपासणीत नऊ त्रुटी निघाल्या, गंभीर एकही नाही. पॅकिंगच्या नोंदींवर एकही शेरा नव्हता. थर्ड पार्टीचे दोन ग्राहक मधल्या काळात गेले, एक परत आला.

शटडाऊनच्या काळात काम नसतानाही दिलेले वेतन, कंपनीचे आणि कंत्राटाचे मिळून, ३१ लाखांवर गेले. ते कुठल्याही योजनेत बसले नाही. खेळत्या भांडवलातून गेले, आणि ऑक्टोबरचा पगार बारा दिवस उशिरा झाला. अनुदानाचा दावा दाखल झाला, पण ठेकेदाराने खोल्या, एएचयू आणि विजेचे काम मिळून एकगठ्ठा बिल दिले होते. कोणती रक्कम कोणत्या बाबीची हे फोडून घेण्यात दोन महिने गेले. पडताळणी झाली आहे, हे लिहीपर्यंत पैसे आलेले नाहीत.

सव्वीस जणींपैकी तेवीस परत आल्या. तिघी आल्या नाहीत. एक मुलीच्या बाळंतपणासाठी गावी राहिली. दुसरी शेजारच्या कारखान्यात लागली, तिथे सहा दिवस मिळत होते. तिसरीचे तीन दिवसांच्या मजुरीत घर चालत नव्हते. नवरा आजारी होता हे आम्हाला ती गेल्यावर कळले.

वेगळे काय करता आले असते

वेतनाची ओळ प्रकल्प अहवालात पहिल्या दिवसापासून हवी होती. एएचयू जसा प्रकल्पाचा भाग आहे तसे ते चालवणाऱ्यांचे मधले महिनेही. बँकेने त्याला कर्ज दिले असते की नाही हा पुढचा प्रश्न, पण निदान खेळत्या भांडवलाची मर्यादा आधी वाढवून मागता आली असती. ऑक्टोबरचा पगार तरी थांबला नसता.

बिलांचे बाबनिहाय विभाजन वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्यायला हवे होते. ही गोष्ट पाच मिनिटांची आहे.

भरती पुढे ढकलणे चुकीचे होते असे मी आजही म्हणत नाही, पण ज्याच्यासाठी ढकलली त्याला विश्वासात न घेणे चुकीचे होते. आणि निव्वळ वाढीचा हिशेब दर महिन्याला पीएफचे चलन भरताना करायला हवा, वर्षाच्या शेवटी नव्हे.

तीन दिवसांची पाळी सगळ्यांना सारखी लावली, यावर मी बराच विचार केला आहे. सगळ्यांनी मिळून ठरवले म्हणून ते न्याय्य वाटले. पण कँटीनमध्ये सगळ्यांसमोर कोणती बाई सांगेल की माझ्या घरी दुसरा कमावता नाही? एकेकीशी वेगळे बोलायला हवे होते. दोन-तीन जणींना पूर्ण आठवडा देता आला असता आणि ज्यांना शेतीच्या कामासाठी दोनच दिवस हवे होते त्यांनी ते आनंदाने सोडले असते. तशा चौघी होत्या, हे नंतर कळले.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रोजगार योजनेत नव्याने आलेल्या आठ जणांसाठी मदत आहे आणि ती असावीच. अकरा आठवडे टिकून राहिलेल्या तेवीस जणींसाठी मालकाला कुठूनही काही मिळत नाही, त्यामुळे त्यांना कंपनीच्या हजेरीपटावर घ्यायचा विषय निघाला की खर्चाचा आकडा पुढे येतो. जानेवारीत मी आठ जणींची नावे लेखी दिली. मालकांनी नाही म्हटलेले नाही, एप्रिलनंतर बघू म्हणाले. सध्या त्यांच्या प्रशिक्षणाच्या फायली क्यूएच्या कपाटात आहेत, प्रत्येकीच्या सहीच्या, आणि हजेरी कंत्राटदाराच्या वहीत लागते.